आज बाही ओढणार नाही

मीनाकाकूंनी पहाटे थर्मासमध्ये चहा ओतता ओतताच नवऱ्याला सांगून टाकलं, "आज मी बाही ओढणार नाही." सांगून उपयोग शून्य, कारण सर पाठमोरे बसून बुटांच्या नाड्या बांधत होते. पाठमोऱ्या थेटे सरांशी बोलणं आणि फ्रीजशी बोलणं यांत त्या घरात गेली तीन वर्षं काही फरक राहिलेला नव्हता. मग काकू थर्मास ठेवून समोर गेल्या, हनुवटीला धरून त्यांचं तोंड वर केलं आणि तेच वाक्य मोठ्यांदा, एकेक शब्द सुटा करून पुन्हा म्हटलं.

"नको ओढूस," सर म्हणाले. "मला काय गरज आहे?"

आता या माणसाला काय म्हणावं? यादव थेटे सर शाळेत चित्रकला शिकवायचे. पण नाशकात त्यांचं नाव झालं ते कानांमुळे. पक्षी दिसायच्या आत सरांना ऐकू येतो, असं लोक म्हणायचे, आणि ते खरंही होतं. झाडात कुठेतरी चिक् झालं की सर बोट वर करून नाव सांगत आणि मागचे सगळे वह्या काढत. निवृत्तीनंतर तर दर रविवारी त्यांच्याभोवती माणसं गोळा व्हायला लागली. आणि नेमके तेव्हाच कान गेले. आधी बारीक आवाज गेले. धोबी पक्षी गेला, वटवट्या गेला, मुनिया गेल्या. मग कुकरची शिट्टी, दाराची बेल, फोनवरचं नातीचं, आरोहीचं बोलणं. डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र दिलं. सरांनी ते एक दुपारभर घातलं, "सगळं जग पत्र्याच्या डब्यातून बोलतंय" असं जाहीर केलं आणि डबीत घालून शोकेसमध्ये, चषकांच्या मागे ठेवून दिलं. खरं कारण पत्र्याचा डबा नव्हतंच. खरं कारण रविवारची माणसं होती. ज्याचं नाव कानांवर, त्यानं कानात यंत्र घालून कसं फिरायचं?

मग बाहीची युक्ती निघाली. युक्ती कसली, काकूंच्या गळ्यातलं लोढणं. काकूंनी सरांच्या शेजारी उभं राहायचं. पक्षी उजवीकडून बोलला की उजवी बाही हलकेच ओढायची, डावीकडून बोलला की मागून हात घालून डावी. सर लगेच तिकडे दुर्बीण फिरवत, पक्षी शोधत आणि थाटात नाव सांगत. "वा सर, काय कान आहे!" असं कुणीतरी म्हणे. ते ऐकत काकू चहाचे कप भरत. पक्ष्यांची त्यांना आवड होती अशातला भाग नाही. रविवारी पहाटे उठून चिखलात उभं राहण्यापेक्षा झोपलेलं बरं, हे त्यांचं मत लग्नाआधीपासूनचं होतं. तरी तीन हिवाळे त्या जात राहिल्या, कारण नवऱ्याची फजिती त्यांना बघवली नसती.

सरांच्या बहिरेपणाचा त्यांना एकच फायदा झाला होता. तोंडातल्या तोंडात वाटेल ते बोलता येत असे. काकूंचं माहेर नामपूरचं, त्यामुळे हे पुटपुटणं चाले ते अहिराणीत. "हाऊ माणूस कोनंच आयकस नही," हा माणूस कुणाचंच ऐकत नाही, हे तर दिवसातून कितीदा तरी होई. सर शेजारी बसून निवांत पेपर वाचत.

पण जानेवारीत गंगापूर रोडला जे झालं, त्यानंतर काकूंचा धीर सुटला. सर भाजीची पिशवी घेऊन रस्ता ओलांडत होते आणि मागून एक विजेवर चालणारी गाडी आली. इंजिनाचा आवाज नाही, हॉर्न तो कसा तर बारीक, किणकिणता. काकूंनी त्यांची कॉलर धरून असा हिसका दिला की वरचं बटण तुटून गटारात गेलं. ड्रायव्हर काच खाली करून दोघांना उद्देशून बरंच काही बोलला. सरांनी शांतपणे विचारलं, "काय म्हणाला तो?" घरापर्यंत काकू त्यांच्या बाजूनं चालल्या आणि पुटपुटत राहिल्या, "तुमले काही व्हयनं तं मी काय करसू? तुमले काही व्हयनं तं मी काय करसू?" तुम्हाला काही झालं तर मी काय करू. सरांना अर्थात ऐकू आलं नाही. त्यांनी घरी आल्यावर बटणाबद्दल विचारलं.

त्या दिवशी काकूंनी ठरवलं की आता यंत्र कानात गेलंच पाहिजे. समजावून झालं, अबोला धरून झाला. अबोला तर सरांच्या लक्षातच आला नाही. शेवटी संपाशिवाय मार्ग उरला नाही. आज बाही ओढायची नाही, फजिती होते तर होऊ दे. यंत्राची डबी त्यांनी स्वतःच्या पर्समध्ये टाकली आणि वर चेन लावली.

गाडी रोहितची होती. रोहित कंपनीत नोकरी करतो आणि रविवारी तोफेएवढा कॅमेरा घेऊन हिंडतो. त्याच्या शेजारी वैष्णवी, दातांची डॉक्टर, गेली दोन वर्षं नियमित येणारी. बाकीच्यांना लग्नं होती, म्हणून आज चौघंच. निफाड सोडलं तेव्हा उजाडलं. फेब्रुवारी सरत आलेला, पण पाण्याकाठी थंडी अजून पाय धरून होती. गहू पिवळा पडायला लागला होता आणि रस्त्यावर कांद्याच्या ट्रॉल्या इतक्या होत्या की रोहितला ब्रेकवरून पाय काढता येईना. सर पुढच्या सीटवरून प्रत्येक तारेवरचा पक्षी दाखवत होते. डोळे त्यांचे अजून घारीचे होते, ते काकूही कबूल करत.

तळ्यावर पोहोचले तेव्हा धुकं उठत होतं. चक्रवाक जोडीजोडीनं पोहत होते, थापट्या बदकं चोची पाण्यात घालून गोल गोल फिरत होती, लांब तांबड्या पायांचे शेकाटे चिखलात उभे होते. डोळ्यांनी दिसण्यासारखं होतं तोवर सगळं झकास चाललं. सर बोलत होते, रोहित फोटो काढत होता. मग शेजारच्या दगडावरून धोबी बोलला, चिझिक्, चिझिक्. सरांच्या बुटापासून चार हातांवर! काकूंचा हात सवयीनं उचलला गेला. त्यांनी तो खसकन शालीत ओढून घेतला आणि दुसऱ्या हातानं दाबून धरला. सर तळ्याच्या पार पलीकडे बघत होते.

"सर, तिकडे उजवीकडे काही बोललं का हो?" वैष्णवीनं जरा जास्तच मोठ्यानं विचारलं.

"हो हो, ऐकलं मी," सर म्हणाले आणि दुर्बीण उजवीकडे वळवली.

काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. ऐकलं म्हणे! आणि ही पोरगी आज एवढी ओरडून का बोलतेय? संपावर बसलेल्या माणसाच्या जागी दुसरंच कुणीतरी कामाला लागावं, तसं ते झालं. थोड्या वेळानं पाणकणसात वटवट्या बोलला तर रोहितच मध्ये बोलला, "सर, त्या पाणकणसात बघता का जरा?" काकूंनी तोंडातल्या तोंडात दोघांचाही उद्धार केला.

आणि मग तो आवाज आला.

तसा तो सकाळपासून येतच होता. गाडीतून उतरल्यापासून काकू ऐकत होत्या, लांबून, शेतांच्या बाजूनं. वरून खाली घसरत येणारी एक कर्कश किंचाळी, थोडं थांबून पुन्हा तीच, पुन्हा तश्शीच. आता वारा फिरला आणि ती एकदम जवळ वाटली. सर गर्रकन वळले.

कुणी बाही ओढली नव्हती. कुणी हाक मारली नव्हती. सर आपणहून वळले होते, आणि थेट आवाजाच्या दिशेला.

"ऐकलंस?" त्यांनी काकूंचं मनगट धरलं. "मीना, ऐकलंस तू? शिकारी पक्षी आहे. मोठा आहे!"

काकूंनी सांगायला तोंड उघडलं. हे काय वाजतंय ते त्यांना चांगलं माहीत होतं. नामपूरला त्यांच्या भावानं डाळिंबाच्या बागेत असलाच भोंगा लावला होता, पाखरं हाकलायला. किंचाळीच्या आधी भोंग्यात बारीकशी खरखर होते, ती इथेही होत होती. पण सरांच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना बोलवेना. बाही न ओढता ऐकलेला, सरांचा स्वतःचा असा तीन वर्षांतला तो पहिला आवाज होता. डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी होतं त्यांच्या. काकूंनी तोंड मिटलं. मिटलं आणि स्वतःवरच चिडल्या.

"आणि हा आपल्याकडचा नाही," सर म्हणाले. आवाज पुन्हा आला, त्यांनी डोळे मिटून ऐकला. "आपले सगळे गरुड, सगळे ससाणे मला पाठ आहेत. हा त्यातला एकही नाही. हा वाट चुकून कुठून तरी लांबून आलाय. रोहित, नाशिकमध्ये कुणी कधी पाहिला नसेल असा पक्षी आहे हा. चला!"

रोहितनं वैष्णवीकडे पाहिलं. वैष्णवीनं काकूंकडे पाहिलं. काकूंनी तळ्याकडे पाहिलं. साठी उलटलेले सर तोवर बांध उतरून धावायलाही लागले होते.

पुढचा प्रकार सांगू नये असा आहे. गव्हाच्या बांधावरून सर पुढे, मागून कॅमेरा पोटाशी धरून रोहित, त्याच्या मागे वैष्णवी आणि सगळ्यात शेवटी शाल, पर्स, थर्मास आणि चकलीचा डबा सांभाळत काकू. कांद्याला पाणी भरणारा एक माणूस ओरडला, "ओ, वाफ्यात पाय नका देऊ!" तोवर वैष्णवीचा बूट वाफ्यात रुतून तिथेच राहिला होता. पाटावरच्या फळीवरून जाताना रोहितच्या कॅमेऱ्याचा पट्टा तारेत अडकला. सर दर किंचाळीला थांबत, हात वर करत, "आला! परदेशी आहे, परदेशी!" म्हणत आणि पुन्हा सुटत. काकूंना धाप लागली होती आणि शिव्या द्यायलाही श्वास पुरत नव्हता. तरी त्यांनी दिल्या.

आवाज द्राक्षबागेतून येत होता. सर बागेच्या कडेला पोहोचले आणि आभाळात शोधू लागले. आभाळ स्वच्छ होतं. किंचाळी पुन्हा झाली, अगदी डोक्यावर, एवढी मोठी की रोहितनं कान झाकले. वेलींच्या मंडपाच्या टोकाला बांबू उभा होता, बांबूवर पत्र्याचा भोंगा होता आणि भोंग्यावर ओळीनं गुलाबी पोटाच्या भोरड्या बसल्या होत्या. भोंगा किंचाळला की त्या जरा सरकत आणि पुन्हा पिसं साफ करत.

जाळीखालून एक माणूस बाहेर आला. डोक्याला उपरणं, हातात गलोल आणि तोंडावर जगाचा वैताग. तो बागेचा मालक, खंडेराव बोरस्ते.

"काय पाह्यजे?" तो म्हणाला.

"पक्षी," सर म्हणाले. त्यांची नजर अजून भोंग्यावरच होती.

"पक्षी? न्या की! सगळे न्या!" खंडेराव भडकला. "जाळी लावली, चमकीच्या पट्ट्या बांधल्या, फटाके वाजवले. पुतण्या म्हनला, काका, शिकारी पाखराचा आवाज लाव, एक भोरडी येनार नाय. पंधरा दिस झाले, हे आमचं डोकं खातंय. घरात कोनाला झोप नाय. अन् भोरड्या बगा कुठं बसल्यात! पाखरू एक भ्यालं नाय, मानसं तेवढी गोळा व्हत्यात."

सरांनी आधी भोंग्याकडे पाहिलं, मग मागे वळून तिघांच्या तोंडांकडे. वैष्णवी एका पायावर उभी होती. रोहित कॅमेऱ्याचं झाकण लावत होता. तिघांपैकी एकाच्याही तोंडावर आश्चर्य नव्हतं, आणि चित्रकलेच्या मास्तराला चेहरे वाचता येतात.

"तुम्हाला माहीत होतं," सर म्हणाले.

"सकाळपासून वाजतंय ते, सर," वैष्णवी म्हणाली. आता तिचा आवाज अगदी खाली गेला होता, मग तिच्या लक्षात आलं आणि तिनं तेच मोठ्यानं पुन्हा म्हटलं.

"मग बोलली का नाहीस?"

वैष्णवीनं चिखलाचा मोजा झटकायला घेतला. रोहितला गप्प राहायचं कळत नाही. "सर, काकूंनी बाही न ओढता तुम्ही पहिल्यांदाच वळलात ना. मग आम्हाला वाटलं, जाऊ दे."

काकूंच्या हातातला थर्मास खाली आला. "बाहीचं तुला काय माहीत?"

"काकू, सगळ्यांनाच माहीत आहे," रोहित म्हणाला. "केव्हापासूनच. तुम्ही चहा ओतत असलात की आम्हीच सरांना मोठ्यानं विचारतो, ते कशासाठी?"

झालं! तीन हिवाळे पहाटे उठायचं, चकल्या तळायच्या, चिखलात उभं राहायचं, दोन्ही बाह्यांची शिवण उसवेपर्यंत ओढायचं, आणि हे सगळं कशासाठी, तर सगळ्या गावाला माहीत असलेली गोष्ट लपवायला! काकूंचा बांध फुटला. "समदासनी माले येडं बनाडं!" त्या कडाडल्या, सगळ्यांनी मला वेडं बनवलं, आणि त्यापुढे जे आलं ते नामपूरच्या बाजारात कुणालाही कळलं असतं. रोहितला निम्मं कळलं आणि तो चार पावलं मागे सरकला. भोंग्यावरच्या भोरड्या मात्र या वेळी सगळ्या एकदम उडाल्या.

"ताई," खंडेराव आदरानं म्हणाला, "तुमी रोज येता का?"

कुणीच हसलं नाही, मग तोही ओशाळला. त्यानं आत जाऊन द्राक्षांचं रिकामं कॅरेट आणून पालथं घातलं आणि सरांना बसायला दिलं. जाळीतून एक घड तोडून त्यांच्या हातात ठेवला. "पन सर, एक हे. पुतण्या बी म्हनत व्हता, हा आवाज अमेरिकेतल्या कुठल्या तरी घारीचा हे. तुमी इथं येताना 'परदेशी, परदेशी' म्हनत व्हते, ते आयकलं मी. वळखलं बरोबर तुमी."

सर घडाकडे बघत राहिले. "म्हणजे कान बरोबर होते," ते स्वतःशीच म्हणाले.

"बरोबर होते," काकू म्हणाल्या, अजून धुमसतच. "फक्त भोंगा लागतो."

हे मोठ्यानं बोलल्या त्या. बोलल्यावर जीभ चावली, पण शब्द गेला होता आणि तो सरांना नीट ऐकू आला होता. सरांनी मान खाली घातली. चाळीस वर्षांच्या संसारात या माणसाला एवढं खाली मान घालून बसलेलं काकूंनी पाहिलं नव्हतं, आणि त्यांना भडभडून आलं. संप जिंकल्याचा आनंद काही होईना. वैष्णवी बूट शोधायच्या निमित्तानं गेली, रोहितला तिनं दंडाला धरून नेलं.

थोड्या वेळानं सरांनी हात पुढे केला. "डबी आणली आहेस ना?"

"तुम्हाला काय माहीत?"

"शोकेसमध्ये चषक हललेत. डोळे शाबूत आहेत माझे."

काकूंनी पर्सची चेन उघडली. सरांच्या बोटांना द्राक्षाचा रस लागला होता, यंत्र धरता येईना. दोनदा मातीत पडलं. शेवटी काकूंनीच ते पदरानं पुसलं, त्यांचा कान धरून, शाळेतल्या पोराचा धरावा तसा, आत बसवलं आणि बारीक चाक फिरवलं. सरांनी तोंड कडू केलं.

"पत्र्याचा डबा," ते म्हणाले.

"असू दे डबा."

परत निघाले तेव्हा ऊन चढलं होतं. सरांनी सगळ्यांना वैताग आणला. रोहितची चप्पल वाजते, काकूंच्या पर्सची चेन वाजते, पाटाचं पाणी केवढ्यानं वाहतंय! वैष्णवी द्राक्षं खात होती तर तिला म्हणाले, केवढ्यानं चावतेस! मग बांधावर एकदम थांबले आणि बोट वर केलं. दगडावर धोबी होता, शेपटी खालीवर करत. चिझिक्. सरांनी नाव सांगितलं नाही. नुसते ऐकत उभे राहिले. कुणी वही काढली नाही.

बांधाच्या वाटेवर सर पुढे होते, काकू त्यांच्या मागे. मागून खडीवर बारीकसा कर्र कर्र आवाज आला. विजेवरची स्कूटर होती, दुधाचे कॅन लावलेली, आली ती एकदम पाठीशी. काकूंचा हात त्यांच्या कॉलरकडे गेला. पण सर आधीच बाजूला झाले होते. स्कूटर निघून गेली आणि काकूंचा हात तसाच हवेत राहिला.

हात खाली घेत त्या सवयीनंच, तोंडातल्या तोंडात, त्यांच्या पाठीला म्हणाल्या, "तुमले काही व्हयनं तं मी काय करसू?"

सर थांबले. मागे वळले नाहीत.

"त्या दिवशी गंगापूर रोडला हेच म्हणत होतीस का?" त्यांनी विचारलं. "घरी येईपर्यंत ओठ हलत होते तुझे. मला वाटलं, शिव्या देतेस."

तीन वर्षं काकू या पाठीशी वाटेल ते बोलल्या होत्या आणि पाठीनं उत्तर कधीच दिलं नव्हतं. त्यांनी पदरानं डोळे पुसले, थर्मास या हातातून त्या हातात घेतला.

"शिव्याच होत्या बहुतेक," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "चला आता, चहा निवतोय."

सर हसत पुढे चालू लागले. काकू पुन्हा काहीतरी पुटपुटणार होत्या, पण त्यांनी ते गिळलं, चार पावलं झपाझप टाकली आणि त्यांच्या बाजूनं चालू लागल्या.